उलटी झाली की डोकं थांबतं, मग हे पित्त की मायग्रेन?

तुम्ही लिहिलंय की महिन्यातून तीन-चारदा डावं कानशील ठणकतं, उजेड नको होतो, उलटी झाली की बरं वाटतं आणि घरचे सगळे पित्त म्हणतात. मी डॉक्टर नाही, पण हेच मी बारा वर्षं ऐकलंय म्हणून लिहिते.

आमच्या आईला असंच व्हायचं. कपाळाला फडकं करकचून बांधून, सुंठीचा लेप लावून ती अंधारात पडायची, आम्ही भावंडं टीव्ही बंद करून गप्प, आणि शेवटी पिवळं पाणी पडलं की आजी म्हणायची, पडलं बघ पित्त, आता झोप लागेल. मला कॉलेजात सुरू झालं तेव्हा साहजिकच तेही पित्तच ठरलं. मोरावळा झाला, कोकम सरबत झालं, एका डॉक्टरांनी वर्षभर ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्यांनी सायनस म्हणून एक्सरे काढला, चष्म्याचा नंबर तर तीनदा तपासला. त्यात संकष्टीला हमखास दुखायचं, चंद्रोदय साडेनऊला आणि माझं डोकं सहापासून, त्यामुळे उपाशीपोटी पित्त वाढतं हे मलाही पटायचं. उपाशी राहून अनेकांना त्रास सुरू होतो हे खरंय, पण तो मायग्रेनचा, आणि मळमळ-उलटीसुद्धा त्या अटॅकचाच भाग असते. आपण उगाच पोटाला दोष देत बसतो.

मग न्यूरॉलॉजिस्टकडे गेले, त्यांनी विचारलं, दुखत असताना जिना चढलात तर काय होतं? म्हटलं जिना कसला डॉक्टर, कूस बदलली तरी घण बसतात. तिथेच त्यांना अंदाज आला. एका बाजूला दुखणं, ठोके पडल्यासारखं दुखणं, काम सोडावं लागेल इतकं दुखणं, चालण्या-फिरण्याने वाढणं, या चारातल्या दोन गोष्टी, सोबत मळमळ-उलटी किंवा मग उजेड आणि आवाज दोन्ही नकोसे, आणि गोळी घेतली नाही तर ४ ते ७२ तास टिकणारं, असे निदान पाच अटॅक येऊन गेले की मायग्रेन धरतात. एक्सरेत, रक्तात काही दिसत नाही, माझा एमआरआयही काढला नाही. काहींना आधी डोळ्यांपुढे खेळ सुरू होतो, मला दोनदाच झालं, पेपर वाचताना शब्दाचा अर्धा भागच गायब आणि कडेला चमचमणारी नागमोडी रेघ, वीसेक मिनिटांनी ती गेली आणि मग डोकं.

आता औषध. माझी चूक ही की आधी सहन करायचं, अगदीच झेपेना झालं की गोळी, आणि तोवर उलट्या सुरू. अटॅकमध्ये पोटाचं काम मंदावतं, गोळी नीट लागू पडत नाही, म्हणून ती दुखणं सुरू होतानाच घ्यायची, सोबत उलटीची गोळी. मला आधी नेप्रोक्सेन ही साधी पेनकिलर दिली, भागेना म्हणून खास मायग्रेनची सुमाट्रिप्टान ५० मिलिग्रॅम, पर्समध्ये कायम असते. पण ही कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नका, हृदयविकार असला किंवा पूर्वी लकवा येऊन गेला असला तर चालत नाही.

आणि गोळ्या मोजा, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. कालनिर्णयवर जिथे दुधाचे खाडे मांडतो त्याच चौकटीत मी गोळीचा टिंब काढायला लागले, महिन्याअखेरी १७ टिंबं. साधी पेनकिलर महिन्यात १५ दिवस किंवा ट्रिप्टान (सुमाट्रिप्टानच्या गटातल्या गोळ्या) १० दिवस, असं तीन महिन्यांवर चाललं की गोळीच डोकेदुखी वाढवते. बंद केल्यावर पहिले दहा दिवस कसे काढले माझं मला माहीत. मग रोजची प्रतिबंधक गोळी सुरू झाली, मला प्रोप्रॅनोलॉल चालली (दमा असेल तर देत नाहीत), आधीच्या फ्लुनारिझिनने मी दिवसभर पेंगायचे आणि वजन वाढलं ते वेगळंच. फरक दिसायला दोन-अडीच महिने लागले, आठवड्यात सोडू नका. आता दोन महिन्यांत एखादा अटॅक. संकष्टीचा उपवास सोडला, सासूबाई थोड्या रुसल्या, हरकत नाही. आईचं पाळी गेल्यावर आपोआप थांबलं, ती अजून म्हणते पित्तच होतं.

एक मात्र, डोकं एका मिनिटात आयुष्यात कधी नव्हतं इतकं दुखलं, ताप येऊन मान आखडली, हातपाय लुळे पडले, बोलणं अडखळलं, किंवा डोक्याला मार लागल्यावर सुरू झालं तर हे सगळं विसरा आणि सरळ हॉस्पिटल गाठा. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालं तरी दाखवून घ्या. आणि तुम्ही बाई असाल, ती नागमोडी रेघ दिसत असेल आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना हे आधी सांगा, इस्ट्रोजेनवाल्या गोळ्यांनी स्ट्रोकचा धोका वाढतो. जाताना कॅलेंडरच्या पानाचा फोटो काढून न्या, माझ्या डॉक्टरांनी बाकी फाईल उघडलीच नाही, तेवढंच बघितलं.