डेपोत युनियन काढायचीय, सुरुवात कुठून करू? (वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं)

सरकारी बस, मेट्रो, ट्राममध्ये काम करणाऱ्यांच्या या वेळच्या प्रश्नांत एक विषय परत परत आला, युनियन. त्यातले चार प्रश्न घेतो.

प्रश्न : डेपोत सगळेच वैतागलेत. स्प्लिट ड्युटी (एकाच दिवसात दोन तुकड्यांत काम, मधले तास वाया), टर्मिनसला टॉयलेट नाही, आणि शेड्यूल असं की ट्रॅफिक असो नसो तेवढ्याच मिनिटांत पोचायचं. मी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला, पटापट भरला, पण मीटिंगला बोलावलं तर चारच जण आले. आता काय करू? (एक ड्रायव्हर)

चार आले ना, मग त्या चौघांपासूनच सुरू करा. ग्रुपमध्ये अंगठा टाकायला काही लागत नाही हो, साहेबाच्या नजरेत येईल अशा मीटिंगला येऊन बसायला मात्र धाडस लागतं आणि ते फॉरवर्ड करून येत नाही.

तुमच्या धंद्याची एक वेगळीच गोची आहे. कारखान्यात शिफ्ट सुटली की सगळे एकाच गेटमधून बाहेर पडतात, तुमच्याकडे पहाटेची पहिली गाडी काढणारा आणि रात्रीची शेवटची लावणारा हे एकाच डेपोत असून महिनोन्महिने एकमेकांना भेटत नाहीत, वर्कशॉपवाले वेगळे, कंट्रोल रूम वेगळी, सफाईवाले तर बहुतेक वेळा कॉन्ट्रॅक्टरचे. त्यामुळे एक मोठी मीटिंग ठेवली की अर्धी माणसं ड्युटीवर आणि उरलेली झोपलेली. त्यापेक्षा एक वही घ्या आणि शिफ्टप्रमाणे, रूटप्रमाणे, सेक्शनप्रमाणे सगळ्यांची नावं लिहा, आणि प्रत्येक ठिकाणी एक माणूस शोधा ज्याला बाकीचे अडीअडचणीला विचारतात. तो सगळ्यात जास्त बोलणारा असेलच असं नाही, उलट बऱ्याचदा नसतोच. मेमो आला की लोक कुणाकडे जातात, रजेचा अर्ज कुणाकडून लिहून घेतात, तो माणूस. त्याच्याशी एकट्याशी बोला, आणि भाषण देऊ नका, त्याला विचारा की तुला सगळ्यात जास्त काय खटकतं, आणि मग गप्प बसून ऐका. तो तयार झाला तर त्याची शिफ्ट त्याच्या मागे येते.

आणि ग्रुप बंदच करा असं मी म्हणेन. कुणीतरी स्क्रीनशॉट साहेबाला दाखवणारच, हे धरून चाला. न्यूयॉर्कच्या सबवेत 1934 साली ट्रान्सपोर्ट वर्कर्स युनियन उभी राहिली तेव्हा कंपन्यांनी कामगारांमागे हेर लावले होते, म्हणून लोक छोट्या छोट्या गटांत भेटायचे, एका गटाला दुसऱ्याची फारशी खबर नाही. तीन वर्षं असं चाललं. मग जानेवारी 1937 मध्ये ब्रुकलिनच्या केंट अ‍ॅव्हेन्यू पॉवरहाऊसमधून युनियनच्या माणसांना काढलं तेव्हा बाकीचे कामगार आतच ठाण मांडून बसले, वीज बंद तर गाड्या बंद, आणि कंपनीला त्यांना परत घ्यावं लागलं. त्या एका गोष्टीनंतर लोक धडाधड सभासद झाले. पण आत बसायची हिंमत आली कुठून, तर आधीच्या त्या तीन वर्षांच्या गुपचूप बोलण्यातून, हे लोक विसरतात.

मागणी कुठली घ्यायची असं तुम्ही विचारलं नाहीये, तरी सांगतो. पगार नंतर, आधी टॉयलेट घ्या. ती मागणी सगळ्यांना लागू पडते, खर्च कमी आहे आणि साहेबाला तोंड वर करून नाही म्हणता येत नाही. एकदा काहीतरी मिळालं की लोकांना वाटायला लागतं, अरे, होतं की.

प्रश्न : युनियन रजिस्टर झाली की मॅनेजमेंटला आमच्याशी बोलावंच लागेल ना? (वर्कशॉपमधला फिटर)

नाही, इथेच बरेच जण फसतात. नोंदणी म्हणजे कायद्याच्या कागदावर तुम्ही आहात एवढंच, वाटाघाटीला बसायचा हक्क मान्यतेतून येतो आणि मान्यता संख्येवर मिळते. भारतात नोंदणीचा अर्ज सात जणांना करता येतो, त्यासोबत त्या आस्थापनेतले 10 टक्के किंवा 100 कामगार, यातला जो आकडा कमी असेल तेवढे सभासद लागतात. पण औद्योगिक संबंध संहिता 2020 प्रमाणे एकापेक्षा जास्त युनियन असतील तर एकटीने वाटाघाट करायला हजेरीपटावरचे 51 टक्के कामगार तुमच्या बाजूने हवेत, तेवढे कुणाकडेच नसतील तर किमान 20 टक्के कामगार असलेल्या युनियन मिळून वाटाघाटीसाठी कौन्सिल बनते. अमेरिकेत अजून वेगळं. तिथला 1935 चा कामगार कायदा खाजगी कंपन्यांसाठी, राज्य आणि महापालिकांचे कर्मचारी त्यात धरलेलेच नाहीत, त्यांचे हक्क प्रत्येक राज्याच्या कायद्यावर. म्हणून तीच बस, तोच रूट, पण मालक सरकारी झाला की नियम बदलले असं होतं. 1964 मध्ये तिथल्या सरकारने शहरांना वाहतुकीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली, तेव्हा खाजगी कंपन्या सार्वजनिक होताना कामगारांचे आधीचे वाटाघाटीचे हक्क जाऊ नयेत म्हणून त्याच कायद्यात कलम घालावं लागलं.

तेव्हा आधी मालक नक्की कोण ते बघा. पगाराच्या स्लिपवर कुणाचं नाव आहे? कॉन्ट्रॅक्टरचं असेल तर लढाई दोन ठिकाणी आहे.

प्रश्न : आमची सेवा अत्यावश्यक, संप करता येणार नाही असं सांगतात. मग युनियनचा उपयोग काय? (कंडक्टर)

सांगतात ते प्रत्येक वेळी खरं असतं असं नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची जी समिती संघटना-स्वातंत्र्याच्या तक्रारी बघते तिच्या मते सार्वजनिक वाहतूक सर्वसाधारणपणे त्या कडक अर्थाने अत्यावश्यक नाही, फार तर किमान सेवा चालू ठेवायला सांगता येईल. पण तुमच्या देशाचा कायदा काय म्हणतो तेच शेवटी चालतं. फ्रान्समध्ये 2007 च्या कायद्याने संप करता येतो, पण संपावर जाणाऱ्या प्रत्येकाने 48 तास आधी कळवायचं. भारतात आता 14 दिवसांची नोटीस लागते. न्यूयॉर्कमध्ये मात्र बंदीच आहे, जानेवारी 1966 च्या 12 दिवसांच्या संपानंतर टेलर कायदा आला, संप केला तर एका दिवसाला दोन दिवसांचा पगार कापतात. तरी 2005 च्या डिसेंबरमध्ये तिथे परत संप झाला, तीन दिवसही पुरे टिकला नाही आणि युनियनला 25 लाख डॉलर दंड बसला, वर कामगारांच्या पगारातून युनियनची वर्गणी परस्पर कापून देणं काही काळ बंद झालं.

मला विचाराल तर संपाकडे एवढं बघूच नका. संपात सगळ्यात आधी प्रवासी चिडतात आणि साहेबाला तेच हवं असतं. जपानमध्ये ओकायामाला 2018 साली बस ड्रायव्हरांनी गाड्या चालू ठेवल्या आणि भाडंच घेतलं नाही, लोक खूश, तिजोरी रिकामी. (सगळीकडे हे चालणार नाही, बऱ्याच ठिकाणी भाडं न घेणं म्हणजे सरळ शिस्तभंग, वकिलाला विचारल्याशिवाय करू नका.) नियमावर बोट ठेवून काम करणं हाही प्रकार आहे, ब्रेक, दरवाजे, आरसे सगळं पुस्तकात लिहिलंय तसं तपासूनच गाडी काढायची. शेड्यूल किती खोटं आहे ते दुपारपर्यंत कळतं. यालाही काही ठिकाणी अडवतात, पण निदान कागद तुमच्या बाजूचा असतो. आणि रोजचं काम तर वेगळंच, प्रवाशाने मारहाण केली तर तक्रार कोण देणार, मेमोच्या चौकशीत सोबत कोण बसणार, ड्युट्या वाटताना सिनिऑरिटी पाळली का. वर्षातले बहुतेक दिवस युनियन हेच करते.

प्रश्न : साहेबांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, त्या लोकांत तू आहेस का? काय उत्तर द्यायचं? (नाव देऊ नका)

नाव देत नाही, आणि तुम्हीही कुणाचं देऊ नका. "साहेब, हा माझा खाजगी विषय आहे", एवढं शांतपणे म्हणा, खोटं बोलायची गरज नाही. बाहेर आल्यावर तारीख, वेळ, कोण होतं, काय शब्द वापरले ते लगेच लिहून ठेवा, कारण युनियनमुळे धमकावणं किंवा बदली करणं बऱ्याच कायद्यांत अनुचित कामगार प्रथा धरतात आणि तेव्हा ही नोंदच उपयोगी पडते. सध्या लेट मार्क, तिकिटांचा हिशेब, युनिफॉर्म सगळं चोख ठेवा. नोकरीवरून काढायचं ठरलं तर कारण म्हणून युनियन कधीच लिहीत नाहीत, कॅश शॉर्ट असंच लिहितात.