कट्यारीचा फेरफार पाहिला का?

प्रश्न : नमस्कार भाऊ. माह्या साळ्यानं मले व्हॉट्सॅपवर एका ऑनलाइन लिलावाचं पान पाठवलं, त्यात एक कट्यार हाये, खाली लिहिलंय 'नागपूरकर भोसल्यांच्या शस्त्रागारातील, एका खानदानी संग्रहातून', बोली ८५ हजारापासून, संग सर्टिफिकेटबी देऊन रायले. कापसाचे पैसे आत्ताच आले अन् बायको म्हणते पहिले ट्रॅक्टरचा हप्ता भरा. फोटो पाठवतो. घ्यावं का नाई?
– एक शेतकरी, अचलपूर तालुका

उत्तर : वहिनींचं ऐका, हप्ता भरा. आता काहून ते सांगतो. तुम्ही वावर घेताना नुसता सातबारा पाहून इसार देता का? नाही ना, जुने फेरफार काढता, कोणाकडून कोणाकडे आलं, वाटणी कधी झाली, बहिणींच्या सह्या आहेत का, आणि मधला एखादा फेरफार गायब असला की गावातलं शेंबडं पोरगंही म्हणते थांबा. जुन्या वस्तूचं पण तेच, लिलाववाले त्याला प्रोव्हेनन्स म्हणतात एवढाच फरक. 'एका खानदानी संग्रहातून' म्हणजे कोणतं खानदान, कोणतं गाव, कोणत्या साली घेतली, एखादी पावती, जुनी यादी, घरातला जुना फोटो, काहीतरी पाहिजे ना! आणि सर्टिफिकेट देतंय कोण तर विकणाराच. पुराणवस्तूंचा धंदा करायला १९७२ च्या कायद्यानं लायसन लागते, तेवढा नंबर विचारून पहा, बरेचदा तिथूनच फोन उचलणं बंद होते.

तुमचा फोटो मोठा करून पाहिला. पात्यावर 'श्रीमंत भोसले सेनासाहेब सुभा' (सेनासाहेब सुभा हा नागपूरकर भोसल्यांचा किताब) असं कोरलंय, त्यात 'स' चार वेळा येतो, आणि चारही 'स' शेपटीसकट तंतोतंत एकसारखे आहेत. हातानं छिन्नी चालवणाऱ्याचे असे येतच नाहीत बाप्पा. दुसरं म्हणजे पात्याला गंजाचे खड्डे आहेत पण अक्षरांच्या खाचा चकचकीत, एका ठिकाणी तर 'भ' ची रेघ खड्ड्याला कापून पुढे गेलीय, म्हणजे आधी गंजलं आणि मग कोरलं. पातं जुनं असेलही. नाव नवीन आहे.

आणि कागद असला तरी तो कुठपासूनचा आहे ते पहायचं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमची वाघनखं २०२४ मध्ये साताऱ्यात आली, आठवते ना? साताऱ्याला इंग्रजांचा अधिकारी म्हणून राहिलेला जेम्स ग्रँट डफ, त्याच्या वंशजांकडून ती म्युझियमला मिळाली, शिवाजी महाराजांची वाघनखं म्हणून ती डफला मिळाली असं डबीवर लिहिलेलंही आहे. पण डफ साताऱ्याला आला १८१८ मध्ये आणि अफझलखानाचा वध १६५९ चा, मधल्या १५९ वर्षांचा फेरफार कुठाय? म्हणून खुद्द ते म्युझियमच म्हणते की महाराजांनी वापरली ती हीच, असं सिद्ध करता येत नाही. एवढ्या मोठ्या संस्थेचं हे, तर तुमच्या ८५ हजारवाल्याचं काय घेऊन बसलात.

प्रश्न : नागपूरच्या रघुजीराजे भोसल्यांची तलवार सरकारनं लंडनहून विकत आणली. आपलीच लुटलेली वस्तू अन् आपणच पैसे द्यायचे?
– भंडारा जिल्हा

उत्तर : राग मलाही आला होता. एप्रिल २०२५ मध्ये सोथबीजच्या लिलावातून ४७ लाख १५ हजारात घेतली, ऑगस्टमध्ये मुंबईत आली. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर ईस्ट इंडिया कंपनीनं भोसल्यांचा खजिना लुटला त्यात ती गेली असावी असं जाणकार म्हणतात, पण यातला 'असावी' लक्षात घ्या, भेट म्हणून दिली असंही होऊ शकते. पक्का कागद नसला तर चोरीचा दावा कशावर उभा करणार, आणि चोरून देशाबाहेर नेलेल्या अशा वस्तूंबद्दलचा युनेस्कोचा करार १९७० चा, तो मागच्या लुटीला लागत नाही. घेतली ते बरंच झालं, नाहीतर कोण्या शेठच्या दिवाणखान्यात लटकली असती.

प्रश्न : विहीर खोदताना दगडी मूर्ती निघाली. एक व्यापारी म्हणते मी घेतो, फक्त 'आजोबांच्या देवघरातली आहे' असं लिहून सही द्या. द्यावी का?
– रामटेककडून

उत्तर : अजिबात नाही!! वरच्या भाऊंच्या कट्यारीचं 'खानदान' असंच कुठंतरी तयार झालं असेल, शंभराच्या स्टँपवर. उद्या ही मूर्ती कुठं लिलावात निघाली आणि पोलीस आले तर कागदावर सही तुमची, व्यापाऱ्याचं नाव कुठंच नाही. १९७६ मध्ये तामिळनाडूतल्या पथूर गावात एका मजुराला खोदताना नटराज सापडला, तो विकत विकत लंडनला पोचला, सोबत खोटा इतिहास जोडून, मग तिथल्या कोर्टात केस चालली, मूर्तीला चिकटलेली माती आणि वाळवीच्या खुणासुद्धा तपासल्या, आणि १९९१ मध्ये देव परत आला. म्हणजे तिथं साक्ष मातीनं दिली, आणि व्यापाऱ्याकडे गेली की मूर्ती पहिले धुतात.

१८७८ चा कायदा आहे, जमिनीत पुरलेली दहा रुपयांवरची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागते, तहसीलमध्ये अर्ज द्या आणि पोच घ्या. तुमच्याकडे मनसरला वाकाटकांच्या काळातलं केवढं निघालंय, तेव्हा मूर्ती किती हात खोल होती, तोंड कुठं होतं, सोबत विटा का खापरं होती, हे आजच वहीत लिहा, विहिरीसकट फोटो काढा. धुऊ नका. आणि घरच्यांनी शेंदूर लावला असेल (लावलाच असेल म्हणा) तर तोही खरवडू नका, तसाच राहू द्या.