शिबिर झाल्यावर काय करायचं

अगं,

तुझा मेसेज वाचला, नाशिकच्या फुलेनगरात तुम्ही सगळे मिळून आरोग्य शिबिर घेताय हे वाचून मनापासून आनंद झाला. शिबिर जरूर घ्या, पण माझं ऐकशील तर निम्मी ताकद नंतरच्या सहा महिन्यांसाठी राखून ठेव. शिबिरात काय होतं, बीपी मोजतात, चिठ्ठीवर १७०/१०० लिहितात, "सिव्हिलला दाखवा" म्हणतात आणि पुढचा नंबर. आता ती बाई चार घरची धुणीभांडी करते, कामं सकाळची आणि ओपीडी पण सकाळचीच, खाडा केला की पैसे कापतात, त्यात काही दुखत नाही खुपत नाही मग जायचं कशाला, असं करत ती चिठ्ठी रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये तशीच राहते. मग एक दिवस तोंड वाकडं होतं, हात उचलत नाही, घरचे रिक्षात घालून जवळच्या खाजगी दवाखान्यात नेतात, तिथे आधी डिपॉझिट भरा म्हणतात आणि दागिने गहाण पडतात. किती घरांत बघितलंय मी हे. बीपीची गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, जनऔषधी केंद्रात पण अगदी थोड्या पैशांत मिळते. तरी घर बुडतं, कारण परत विचारायला कोणी गेलेलंच नसतं.

म्हणून जास्त बीपी-शुगरवाल्यांची वेगळी यादी कर आणि ती घेऊन आधी वस्तीतल्या आशाताईला भेट. तिला डावलून काही करू नकोस. कुठल्या घरात कोण गोळ्या मधेच सोडतं, कोणाचा नवरा पितो, कोण गरोदर आहे, हे तिला तोंडपाठ असतं आणि तुम्ही चार दिवसांनी निघून जाल तरी ती तिथेच असणार आहे.

दुसरं, कागद. सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला उपचारासाठी वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे, पण लोक अडकतात ते नावात, आधारवर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, नाहीतर सुनेचं नाव कार्डावर चढवलेलंच नाही. हे पेशंट आयसीयूत असताना दुरुस्त करायला गेलं तर माणूस वेडा होतो गं. आजारपण नसतानाच घरोघरी बसून दोन्ही कार्डं शेजारी ठेवून बघा, आयुष्मान कार्ड काढून द्या. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र, म्हणजे योजनेची मदत करणारा माणूस, बसतो, भरती व्हायच्या आधी त्याला गाठायचं हे प्रत्येक घरात सांगा, आणि १५५३८८ हा हेल्पलाइन नंबर मोबाईलमध्ये सेव्ह करून द्या. हार्ट, किडनी, कॅन्सर असेल तर शालिमारजवळ सरकारी संदर्भ हॉस्पिटल आहे, ते नुसतं ठाऊक नसल्यामुळे लोक कर्ज काढतात.

सातपूर-अंबडला कंत्राटी कामगारांची घरं असतील तर पगाराची स्लिप मागून बघ. २१ हजारांपर्यंत पगार असेल तर ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, लागू होतं, पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि पोरांना माहीतच नसतं की त्यात बायको-मुलांचे उपचार पण बसतात.

अजून एक, धर्मादाय हॉस्पिटलं, म्हणजे ट्रस्टची. तिथे १० टक्के खाटा निर्धन पेशंटसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, मुंबई हायकोर्टाने मंजूर केलेली स्कीम आहे ही. उत्पन्नाचा दाखला लागतो. काउंटरवर "खाट शिल्लक नाही" म्हणाले तर तेच लेखी मागायचं, भांडायचं नाही, शांतपणे मागायचं, आणि तिथल्या समाजसेवकाला भेटायचं. नाहीच जमलं तर धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात अर्ज. पहिल्यांदा तू सोबत जा, कारण त्या काचेच्या काउंटरपुढे आपल्या माणसांचा आवाजच बसतो, पण दुसऱ्यांदा वस्तीतलीच एखादी बाई पुढे कर आणि तू मागे उभी राहा.

डॉक्टर मिळतील, त्याची काळजी करू नको, म्हसरूळला आरोग्य विद्यापीठच आहे आपलं, इथे शिकणारी पोरं भरपूर आहेत. त्यांना सांग की एका दिवसासाठी नकोत, महिन्याला एक संध्याकाळ द्या, कामावरून बाया परततात तेव्हाची.

शिबिर झालं की यादी घेऊन घरी ये, कोणाचे कागद आधी करायचे ते बसून ठरवू.

तुझी ताई