रामनवर बसण्याआधी

पोस्टडॉक लागली, अभिनंदन! आता रामन यंत्रावर (लेझर टाकून, विखुरलेल्या प्रकाशातल्या रेघांवरून पदार्थ ओळखणारं यंत्र) जिवाणूंच्या पेशी मोजशील, पण पहिले काही दिवस त्यांना हात लावू नकोस. रोज सकाळी सिलिकॉनचा तुकडा ठेव, ५२०.५ वेव्हनंबरच्या (रेघेची जागा सांगणारा आकडा) आसपासची रेघ जागेवर आहे का बघ आणि वहीत लिहून ठेव. कंटाळा येईल, पण सहा महिन्यांनी तीच वही वाचवते.

साधी काचेची स्लाइड नको. तिचीच पार्श्वभूमी एवढी येते की पेशी त्यात बुडून जाते. कॅल्शियम फ्लोराइडची स्लाइड महाग पडते, तरी पीआयच्या (प्रयोगशाळेच्या प्रमुखांच्या) मागे लागून मागवून घेच. पेशी नीट धू, वाढवणीच्या द्रवातल्या यीस्टच्या अर्काचा उरलासुरला अंश भलताच चमकतो. १००३ला फिनिलॅलनीनची (प्रथिनांतल्या एका अमिनो आम्लाची) टोकदार रेघ उभी राहिली की समज, लेझर पेशीवर आहे, मिठाच्या खड्यावर नाही. (मी एक अख्खी दुपार खड्यावर घालवली आहे.)

आणि एका फ्लास्कमधल्या पाचशे पेशी म्हणजे पाचशे नमुने नव्हेत, हं. वेगवेगळ्या दिवशी कल्चर वाढव आणि रेघांवरून जिवाणूंची जात ओळखणारं संगणकी मॉडेल तपासताना एक अख्खी बॅच बाजूला ठेव. माझं ९८ टक्के अचूक मॉडेल नवीन बॅचवर सपशेल आपटलं होतं. पठ्ठ्या जिवाणूंची जात नाही, मोजणीचा दिवस ओळखत होता.