पावाचं रेशनिंग, बूथचे नकाशे आणि तीन आठवड्यांचा अभ्यास

ब्रिटनमधल्या उन्हाळी अभ्यासक्रमांत आधुनिक ब्रिटनचा सामाजिक आणि सांस्कृतिक इतिहास शिकण्याबद्दल बरेच प्रश्न आले. त्यांतल्या काहींना ही उत्तरं.

प्रश्न : बँकेतून निवृत्त झालो. पदवी बी.कॉम.ची, इतिहास शाळेतच सुटला. जुलैत लेकीकडे लंडनला जाणार आहे. असा कोर्स मला झेपेल का? (ठाणे)

झेपेल. हा विषय वाढलाच मुळी तुमच्यासारख्यांच्या वर्गांत. इतिहासकार ई. पी. थॉम्पसन लीड्स विद्यापीठातर्फे यॉर्कशरच्या गावांत नोकरी-धंदा करणाऱ्या प्रौढांना शिकवत. संस्कृतीचे अभ्यासक रिचर्ड हॉगर्ट हल विद्यापीठातर्फे आणि रेमंड विल्यम्स ऑक्सफर्डतर्फे तेच काम करत होते. दिवसभर राबून संध्याकाळी वर्गाला येणाऱ्या माणसाला राजांची वंशावळ सांगून भागत नाही. घरभाडं, मजुरी, चर्च, पब, स्वस्त मासिकं हे सगळं त्याला घरचंच. थॉम्पसन यांचा इंग्लिश कामगारवर्गाच्या घडणीवरचा १९६३चा ग्रंथ याच वर्षांत लिहून झाला.

तुमची बँकेतली वर्षंही वाया जाणार नाहीत. युद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये टीव्ही, फर्निचर, कपडे धुण्याची यंत्रं हप्त्यांवर घराघरांत शिरली. हप्ता फेडणाऱ्या कुटुंबाचा हिशेब प्राध्यापकापेक्षा तुम्हाला लवकर उमगेल. जड जाईल ते रोजचं इंग्रजी वाचन. त्याची सवय मे महिन्यापासूनच लावून घ्या.

प्रश्न : एम.ए. करते आहे. कोर्सच्या शेवटी दोन हजार शब्दांचा निबंध द्यायचा आहे. ‘दुसऱ्या महायुद्धाचा ब्रिटिश समाजावरील परिणाम’ हा विषय चालेल? (कोल्हापूर)

घेऊ नका. एवढ्या शब्दांत त्याची प्रस्तावनाही संपणार नाही, आणि उरलेली जागा ‘स्त्रिया कारखान्यांत गेल्या, समाज बदलला’ असल्या वाक्यांनी भरली जाईल.

त्याऐवजी पाव घ्या. ब्रिटनमध्ये रेशनिंग जानेवारी १९४०मध्ये सुरू झालं, ते लोणी, साखर आणि बेकनपासून. पाव मात्र युद्धभर मोकळा होता. १९४२पासून जाडसर, करड्या रंगाचा ‘नॅशनल लोफ’ मिळे आणि लोक त्याला नावं ठेवत खात. पावावर रेशन आलं ते युद्ध जिंकल्यावर, जुलै १९४६मध्ये, आणि राहिलं जुलै १९४८पर्यंत. जगभर गव्हाची टंचाई होती, शिवाय जर्मनीच्या ब्रिटिश ताब्यातल्या भागातली माणसंही जगवायची होती. पण रांगेत उभ्या असलेल्या बाईला हे कसं पटावं? हिटलर असताना मिळत होता तो पाव आता कार्डावर का? ब्रिटिश हाउसवाइव्ह्ज लीग या गृहिणींच्या संघटनेने याच रागाला तोंड फोडलं. आरोग्यसेवा सर्वांना मोफत करणारं पंतप्रधान ॲटलींचं मजूर पक्षाचं सरकार आणि पावाची कुपनं मोजायला लावणारं सरकार एकच होतं. निबंधाचा गाभा इथे आहे.

साधनं? १९३७मध्ये सुरू झालेल्या ‘मास ऑब्झर्वेशन’ या उपक्रमासाठी शेकडो सामान्य माणसांनी रोजनिश्या लिहून पाठवल्या. आज त्या ससेक्स विद्यापीठाच्या संग्रहात, ब्रायटनजवळ ‘द कीप’ या अभिलेखागारात आहेत. एक लक्षात ठेवा : आपणहून रोजनिशी लिहून पाठवणारा माणूस सहसा शिकलेला, मध्यमवर्गीय असतो. त्याच्या तक्रारीला अख्ख्या देशाची तक्रार समजू नका.

मुंबईतही १९४३मध्ये रेशनिंग आलं, तेव्हा तुलना करायचा मोह होईल. तो प्रबंधासाठी राखून ठेवा.

प्रश्न : फी परवडणारी नाही. घरी बसून काही करता येईल? (नागपूर, शिक्षक)

पुष्कळ. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयातल्या १६७४ ते १९१३ या काळातल्या खटल्यांची छापील इतिवृत्तं ऑनलाइन फुकट वाचता येतात. चोरीचे खटले आधी वाचा. काय चोरलं, कुठून आणि किती किमतीचं, हे वाचताना घरातल्या वस्तूंची यादीच हाती येते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या गरिबीची पाहणी करणाऱ्या चार्ल्स बूथ यांचे नकाशेही लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सने (एलएसई) खुले ठेवले आहेत. गल्लीगल्लीला रंग दिला आहे : सर्वांत श्रीमंत पिवळ्या, सर्वांत खालच्या काळ्या. मात्र काळ्या रंगाच्या खुलाशात ‘दुर्वर्तनी, अर्धगुन्हेगार’ असंही लिहिलं आहे. म्हणजे नकाशा गरिबी दाखवतो आणि नकाशा काढणाऱ्याची नजरही. माझ्या मते एका गल्लीवर महिनाभर काम केलं, तर बऱ्याच महागड्या कोर्सपेक्षा जास्त शिकून होईल.

प्रश्न : तिथे साम्राज्याबद्दल बोलतात, की नुसतं चहा, क्रिकेट आणि बीटल्स? (पुणे)

कोर्सनुसार बदलतं. पैसे भरण्याआधी आठवड्यांनुसार वाचनयादी मागवा. साम्राज्य शेवटच्या दिवशी एका व्याख्यानात उरकलं असेल, तर मी तरी तो कोर्स घेणार नाही. लँकेशरच्या गिरणीचा इतिहास हिंदुस्थानच्या बाजारपेठेशिवाय सांगताच येत नाही. १९३१मध्ये गांधीजी बहिष्काराची झळ बसलेल्या गिरणी कामगारांना भेटायला लँकेशरमधल्या डार्वेनला गेले होते. हॅकनीमध्ये ‘आयाज होम’ होतं. साहेबांची मुलं सांभाळत बोटीने आलेल्या आणि परतीची सोय नसलेल्या आया तिथे राहत. यादीत कॅरिबियन बेटांवरून स्थलांतरितांना घेऊन आलेलं १९४८चं ‘विंडरश’ जहाज बहुतेक सापडेल. त्याच्यापुढे ग्रनविकचा संप आहे का, ते पाहा. १९७६ ते ७८ या काळात, लंडनच्या विल्सडेन भागातल्या फोटो धुणाऱ्या कंपनीत, जयाबेन देसाईंच्या पुढाकाराने साडी नेसलेल्या दक्षिण आशियाई कामगार बायका संप करून फाटकावर उभ्या राहिल्या. संप हरला, पण ब्रिटिश कामगार संघटनांना या बायकांची दखल घ्यावी लागली.

आणि हो, ब्रिटन म्हणजे इंग्लंड नव्हे. यादीत स्कॉटलंड आणि वेल्स आहेत का, तेही बघा.

प्रश्न : व्हिसा कुठला? आणि श्रेयांक इथे धरतात का? (नाशिक)

सहा महिन्यांच्या आतल्या अभ्यासाला साधारणपणे व्हिजिटर व्हिसा चालतो. संस्था मान्यताप्राप्त हवी. नियम आणि शुल्क बदलत राहतात, म्हणून अर्जाआधी ब्रिटिश सरकारचं संकेतस्थळ बघा. श्रेयांकांबाबत तुमच्या विद्यापीठाकडून निघण्यापूर्वी लेखी उत्तर घ्या, तोंडी ‘होऊन जाईल’वर विसंबू नका. लंडनच्या क्यू भागातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात मूळ कागद पाहायचे असतील तर वाचक-कार्ड फुकट मिळतं, पण ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. पेन आत नेऊ देत नाहीत, शिसपेन्सिल ठेवा.