चोवीस सेलचा सेट आणि एकटा माइक

प्रश्न: मी सांगलीत गावभागात राहते, गणिताच्या शिकवण्या घेते. घरातली सेलवर चालणारी सगळी उपकरणं लिथियमच्या चार्जिंगच्या सेलवर न्यायची, असं आमच्या ह्यांनी मनावर घेतलंय. दुकानदाराने २४ सेल आणि चार्जर मिळून ९,४०० रुपये सांगितलेत, सहा हप्त्यांत. ह्यांनी ऑनलाइन ‘१४५००’ लिहिलेले स्वस्तातले सेलही बघून ठेवलेत. वर्षाला आमचे सेलवर साधारण साडेपाच हजार जातात, म्हणजे दोन वर्षांत पैसे वसूल. घ्यावा का? सोबत वर्षभराच्या खर्चाची यादी जोडते.

उत्तर: ताई, म्युच्युअल फंडाचे कागद कुठे ठेवलेत हे न आठवणारे लोक माझ्याकडे रोज येतात. सेलचा हिशेब लिहून ठेवणारं घर मी पहिल्यांदाच पाहिलं. यादीची बेरीज ५,३८२ रुपये येते. दोन वर्षांत वसूल, हेही बरोबर. गणिताच्या बाईंचं गणित चुकेल कसं? पण ही सगळ्यांची मिळून सरासरी झाली. ती जरा फोडून बघू.

तुमच्या शिकवणीच्या कॉर्डलेस माइकला महिन्याला १२ अल्कलाइन पेन्सिल सेल लागतात. ३२ रुपयांना एक, शिकवणीचे दहा महिने, म्हणजे ३,८४०. मुलाच्या खेळण्यातल्या गाडीला वर्षाला ७२०. सासऱ्यांच्या बीपी मशीनला ५१२. पुढे मात्र सगळा चिल्लर कारभार आहे: गॅस गिझरचे मोठे सेल १६०, तीन रिमोट ९०, चार घड्याळं ६०. म्हणजे माइक आणि गाडी मिळून ४,५६० रुपये खातात आणि बाकीचं सगळं घर ८२२. आता दुकानदाराचा सेट बघा. २४ पैकी १६ सेल या ८२२ रुपयांसाठी आहेत. त्यांच्यावर अंदाजे सहा हजार घालायचे आणि ते वसूल व्हायची सात वर्षं वाट बघायची. तोवर ते सेल पडून पडूनच म्हातारे होतील. लिथियमचा सेल वापरला नाही तरी त्याचं वय थांबत नाही.

घड्याळाचा तर मला स्वतःला अनुभव आहे. मागे हौसेने ऑफिसच्या घड्याळात लिथियमचा सेल घातला. त्या सेलच्या आत मूळचे ३.७ व्होल्ट असतात, ते १.५ वर आणणारं बारकं सर्किट आतच बसवलेलं असतं, आणि ते सर्किट चोवीस तास थोडं थोडं पीत राहतं. घड्याळ नावापुरतंच पितं, त्यामुळे राखणदारच जास्त खातो असा प्रकार. वर हा सेल शेवटपर्यंत पूर्ण १.५ व्होल्ट देतो आणि मग एकदम मान टाकतो. साधा सेल उतरताना घड्याळ मागे पडतं, आपल्याला कळतं. माझं पावणेचारला गप्पकन थांबलं. चारच्या भेटीला आलेले गृहस्थ बाहेर बसून राहिले आणि मी आत पावणेचारच्या भरवशावर चहा पीत होतो.

माइकसाठी चार्जिंगचे सेल जरूर घ्या, पण लिथियमचे नकोत. निकेल मेटल हायड्राइडचे घ्या. कार्यक्रमाची साउंडवाली मंडळी वायरलेस माइकला हेच वापरतात. त्यावर १.२ व्होल्ट लिहिलेलं दिसेल, बिचकू नका. अल्कलाइन सेलही काम करायला लागला की थोड्या वेळात तिथेच उतरतो. लिथियमवाल्या सेलमधल्या सर्किटची कुरकुर माइकच्या आवाजात मिसळू शकते, आणि भर तासात गप्पकन बंद पडायची भीती आहेच. दोन सेल माइकमध्ये, दोन चार्जरवर, चार गाडीला. असे आठ सेल आणि बरा चार्जर अडीच हजारांच्या आसपास बसतो. म्हणजे साधारण सात महिन्यांत पैसे सुटतात. विजेचं मनात आणू नका, एका युनिटात दोनशे सेल तरी भरतात.

बीपी मशीनला सेल बदलण्यापेक्षा त्याच्या कंपनीचा ६ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर घ्या. मशीनच्या बाजूला त्यासाठी गोल भोक आहे का, तेवढं आधी बघा. आणि यजमानांनी ऑनलाइन पाहिलेले ते स्वस्तातले ‘१४५००’ लिहिलेले सेल कृपा करून मागवू नका. मापाने ते हुबेहूब पेन्सिल सेल, पण प्रत्येकात ३.७ व्होल्ट. चार घातले की ६ व्होल्टच्या मशीनला १४.८ जातात. वाचणार पाचशे आणि जळणार दोन हजारांचं मशीन.

हप्त्यांचं थोडक्यात: ‘नो कॉस्ट’ म्हटलं तरी प्रोसेसिंग फी आणि तिच्यावर जीएसटी बहुतेक वेळा लागतोच. अडीच हजारांसाठी त्या भानगडीत पडू नका, रोखीने घ्या. दुकानदार सेट फोडून देणार नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा. सांगलीत सेलचा काय तुटवडा आहे?

एक गोष्ट तुमच्या यादीत नाही, पण गावभागात राहता म्हणून लिहितो. २०१९ च्या ऑगस्टातल्या महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ असताना. त्या दिवसांत वीज नव्हती; चार्जर असून काय उपयोग झाला असता? तेव्हा टॉर्चसाठी अल्कलाइन सेलचं एक बंद पाकीट दर पावसाळ्याआधी बघून ठेवा. बरी मुदत असलेलं घेतलं तर कित्येक वर्षं टिकतं. मात्र टॉर्चमध्ये घालून ठेवू नका, गळून आतल्या पट्ट्या खराब करतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून टॉर्चलाच रबरबँडने बांधा आणि माळ्यावर ठेवा.