बारीक आहे, घरचंच खातो, तरी प्रीडायबिटीस कसा काय?

तुम्ही लिहिलंय वय 36, वजन 61 किलो, बाहेरचं क्वचित, दारू-सिगारेट नाही आणि तरी एचबीएवनसी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारी टेस्ट) 6.1 टक्के आलं, लॅबवाल्यांनी घोळ घातला असेल का. शंका असेल तर टेस्ट परत करून घ्या, पण मी पुण्यात डाएटिशियन आहे आणि असे काटकुळे प्रीडायबिटीसवाले माझ्याकडे सारखे येतात, त्यामुळे मला तरी आकडा खराच वाटतोय. 5.7 ते 6.4 म्हणजे प्रीडायबिटीस, डायबिटीसच्या आधीची पायरी.

आधी बारीकपणाचं बघू. 2004 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो छापून आला होता, पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन, दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) 22.3, पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2! आणि हे जन्मापासूनच असतं, पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं मोजली तर सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधली 3.5 किलोची, तरी कातडीखालची चरबी जवळपास तेवढीच, कमी पडले ते स्नायू. जेवणानंतरची बरीचशी साखर स्नायूच ओढून घेतात, ते कमी असले की ती रक्तात रेंगाळते. म्हणजे काटा 61 दाखवतोय म्हणून निर्धास्त राहू नका, पोटाचा घेर मोजा, पुरुषांना 90 सेंटीमीटरच्या वर गेला की सावध व्हायचं.

आता ते ‘घरचंच’. यावरून माझी पेशंटशी रोज हुज्जत होते. खाल्लेलं सगळं लिहून आणा म्हटलं की वहीत काय येतं, सकाळी चहा-खारी, मग पोहे, डब्यात चार पोळ्या आणि बटाट्याची भाजी, चार वाजता चहा-बिस्कीट, संध्याकाळी घरी आल्यावर फरसाणाचा डबा, रात्री दहाला भात आणि पाण्यासारखं वरण. यात पिझ्झा कुठेच नाही हो, पण दिवसभर पिष्टच चाललंय, चहात दोन-दोन चमचे साखर म्हटली तरी चार कपांत 40 ग्रॅम होते (डब्ल्यूएचओ म्हणते 25 च्या आत ठेवता आली तर उत्तम), आणि डाळ? वाटीत शोधावी लागते. आजोबाही भाकरी चिक्कार खायचे हे खरं, पण ती ज्वारीची, सोबत मटकी नाहीतर पिठलं, आणि त्यानंतर शेतात राबायचे. आपण उठून खुर्चीत बसतो.

करायचं काय तर भात-पोळी सोडू नका, निम्मी करा, आणि त्या जागी घट्ट वरण, उसळ, अंडी, दही, जे चालत असेल ते आणा. ताटात कोशिंबीर-भाजी-उसळ आधी संपवायची, पोळी नंतर, एवढ्यानेही जेवणानंतरची शुगर कमी चढते. जेवल्यावर लगेच लवंडू नका, दहा-पंधरा मिनिटं चाला, आणि आठवड्यातून दोन-तीनदा बैठका-जोर नाहीतर वजनं, कारण स्नायू नुसत्या चालण्याने फारसे वाढत नाहीत.

याने फरक पडतो का, तर पडतो. आपल्याकडेच चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी प्रीडायबिटीसवाल्यांवर तीन वर्षं अभ्यास केला (2006 ला छापून आलाय), नुसता नेहमीचा सल्ला दिलेल्यांपैकी 55 टक्के लोकांना डायबिटीस झाला, खाणं-चालणं नीट सांभाळायला लावलेल्यांपैकी 39.3 टक्के, आणि मेटफॉर्मिन ही डायबिटीसची गोळी घेणाऱ्यांपैकी 40.5, म्हणजे गोळीच्या तोडीस तोड. काहीजणांना सगळं करूनही होतोच, आनुवंशिकता असते, त्यामुळे मी ‘रिव्हर्स करून देतो’वाल्या पॅकेजवर पैसे घालवा असं कधी म्हणणार नाही.

तीन महिन्यांनी एचबीएवनसी परत करा, सोबत लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची टेस्ट) पण करून घ्या आणि दोन्ही रिपोर्ट तुमच्या डॉक्टरांना दाखवा. आणि ते शुगर-फ्री डायजेस्टिव्ह बिस्कीट आणलं असेल तर पाकिटाची मागची बाजू वाचा, बऱ्याचदा पहिलं नाव मैद्याचं असतं, त्यापेक्षा मूठभर फुटाणे बरे.